सैंधव

गुंजनने हात वर केला तेव्हा माधवीच्या हातातला खडू दुसऱ्या रेघेच्या निम्म्यावर आला होता. पहिली रेघ सहाच्या आकड्यावर, बोटाच्या पेराएवढी. दुसरी सातच्या आकड्यावर, पार फळ्याच्या वरच्या कडेकडे निघालेली. लिथियमचे दोन समस्थानिक, शंभरात साडेसात आणि साडेब्याण्णव. सहामाहीआधीची उजळणी चालली होती. अकरावीचा वर्ग, देवासच्या शाळेतली दुसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीतून दिसणारी माताजीची टेकडी आणि तिच्यावर चढ-उतर करणारे रोपवेचे पाळणे. वर्गात टेबलफॅन अजून चालूच होता. त्याच्या वाऱ्यासमोरून आधी थर्माकोलच्या गोळ्या आणि मग चिंचोके टाकून तिने मुलांना दाखवलं होतं की हलकं जास्त वळतं, जड कमी वळतं, आणि मास स्पेक्ट्रोमीटर हे यंत्र अणूंना असंच वेगळं करतं. गोळ्या आता बाकांखाली भिरभिरत होत्या. पुस्तकात या जागी क्लोरीन असतं, पस्तीस आणि सदतीस. माधवी गेली चौदा वर्षं क्लोरीनऐवजी लिथियम घेत आली होती, आणि का घेते हे तिला कुणी विचारलं नव्हतं. "मैडम," गुंजन म्हणाली, "सोडियम भी प्लस वन, लिथियम भी प्लस वन. दोनों एक ही कॉलम के. तो बॉडी को कैसे पता चलता है कि कौन-सा वाला आया है?" मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "आधार कार्ड देखती होगी," आणि वर्ग हसला. माधवीही हसली. हसता हसताच तिने रेघ पुरी केली, टोकाला साडेब्याण्णव लिहिलं आणि उत्तर द्यायला वळली. उत्तर तिला येत होतं. कळत नाही, हेच उत्तर. मूत्रपिंड ज्या वाटेने सोडियम परत आत घेतं त्याच वाटेने लिथियमही आत घेतं, आणि अन्नातलं सोडियम कमी पडलं की ते मिळेल ते धरून ठेवू लागतं, दोघांत फरक न करता. वाक्य तोंडात तयार होतं, हिंदीत, नीट, परीक्षेत लिहिता येईल असं. 'सोडियम कमी पडलं की' इथपर्यंत ती मनात आली आणि तिथेच राहिली. वर्ग वाट पाहत होता. "डायग्राम उतार लो," ती म्हणाली, आणि खुर्चीवर बसली. चौदा वर्षांत ती वर्गात कधी बसली नव्हती.

आई गेली ती अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी, इंदूरला, दवाखान्यात, चौथ्या दिवशी. रक्तातलं लिथियम एकाच्या आत असायला हवं ते साडेतीनच्या घरात गेलं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. ते का गेलं याचं उत्तर घरात एकच होतं, आणि ते नानांनी, तिच्या वडिलांनी, दिलं होतं: माझ्या हातून गोळी दुप्पट गेली. माधवीने त्या उत्तरावर विश्वास ठेवला नव्हता आणि दुसरं शोधलंही नव्हतं. सर्टिफिकेटवर मूत्रपिंड निकामी असं लिहिलं होतं, आईचं वय अडुसष्ट होतं, एकोणीस वर्षं ती तेच औषध घेत होती. या तीन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या की मधली फट दिसेनाशी व्हायची. आता वर्गात, मुलं मान खाली घालून दोन रेघा उतरवत असताना, तिला आषाढातला फोन ऐकू आला. फोनवरचे शब्द आठवले असं नव्हे. आईचा आवाज, त्यामागे कुकरची वाफ, आणि आपल्या हातातलं लाल पेन. तेव्हाही ती याच शाळेत, स्टाफरूममध्ये चाचणीचे पेपर तपासत होती. "मीठ सोडतेय यंदा," आई म्हणाली होती. "कशासाठी?" "कशासाठी काय! चातुर्मास आहे. मागच्या वर्षी वांगं सोडलं, त्याच्या आधी पलंग सोडला, तर तुझ्या वडिलांनी मला रोज सकाळी जमिनीवरून उठवायचा धंदा केला. आता मीठ राहिलंय. पण तुला विचारते ते वेगळंच. शेजारच्या रघुजींची बायको म्हणते सैंधव चालतं. उपासाला चालतं तर व्रताला का नाही? तू केमिस्ट्रीवाली, तू सांग." माधवीने पेपरावरची नजर न काढता सांगितलं होतं, "आई, सैंधव म्हणजे सोडियम क्लोराइडच. खाणीतून आलं काय नि समुद्रातून आलं काय." "म्हणजे फसवणूकच म्हण ना!" "देवाला चालेल. मला विचारशील तर नापास. सोडायचं तर पुरतं सोड. बीपीलाही बरंच आहे." आई खूप हसली होती. "बरं बाई, मग तेही नको. नाहीतर माझी लेक माझा पेपर लाल करायची." आणि मग नात्यातल्या शिवांगीच्या लग्नाचं काहीतरी, आणि वाफ, आणि फोन संपला. दीड मिनिट असेल. माधवीने त्यानंतर पुढच्या पेपरातल्या एका मुलाला अर्धा गुण जास्त दिला होता, हेही तिला आता आठवलं, कारण ती खुशीत होती.

घंटा झाली. मुलं गेली. गुंजन टेबलाशी येऊन उभी राहिली, "मैडम, मेरा क्वेश्चन सिली था क्या?" माधवी म्हणाली, "नहीं बेटा. कल बताती हूँ." गुंजन फॅन बंद करून गेली. बाहेरच्या वऱ्हांड्यातून पुढच्या तासाच्या मुलांचा गलका येत होता, आणि माधवीला वाटलं की उठून डस्टर घ्यावा, फळा पुसावा. ती उठली, डस्टर घेतला, आणि त्या उंच रेघेसमोर उभी राहिली. लिथियमवर तिचा जीव होता. कुणाचा गाण्यावर असतो, गावावर असतो, तसा. आवर्तसारणीतला तिसरा रहिवासी, धातूंमधला सगळ्यात हलका, रॉकेलवर तरंगणारा. धारच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत नानांनी तिला तो पहिल्यांदा दाखवला तेव्हा ती आठवीत होती. नाना, म्हणजे दत्तोपंत, तिथे प्रयोगशाळा सहायक होते. चौतीस वर्षं त्यांनी काचेच्या पेटीतल्या तराजूवर मुलांसाठी क्षार तोलून दिले. चिमट्याशिवाय वजनाला हात लावायचा नाही, पेटीचं दार उघडं असताना बोलायचं नाही, श्वाससुद्धा बाजूला तोंड करून सोडायचा. त्यांनी प्लॅटिनमची तार लिथियमच्या क्षारात बुडवून ज्योतीत धरली होती आणि ज्योत गडद लाल झाली होती, डाळिंबाच्या दाण्यासारखी. मग तिने तार धरली तर ज्योत पिवळी. "तुझा हात लागला," नाना म्हणाले होते. "घामातलं मीठ. एवढंसं मीठ पुरतं, मग दुसरं काही दिसत नाही."

पण जीव जडला तो नंतर, ती बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असताना, आई धारहून पार अमझेऱ्याला चालत गेली त्या पावसाळ्यात. त्याआधी महिनाभर आई झोपली नव्हती. दुपारी तीन वाजता सगळ्या घरातली भांडी अंगणात मांडून घासायची, घासलेली पुन्हा घासायची, कॉलनीतल्या बायकांना जेवायला बोलवायची आणि त्या यायच्या आत स्वयंपाक गाईला घालायची, बोलायची तर इतकं भराभर की शब्द एकमेकांवर चढायचे. हसायची इतकी सुंदर की पहिले आठ दिवस सगळ्यांना वाटलं आईला काहीतरी आनंदाचं झालंय. मग एका सकाळी ती घरात नव्हती. संध्याकाळी अमझेऱ्याच्या बस स्टॅंडवरून एका कंडक्टरचा फोन आला. नाना आणि माधवी गेले तेव्हा ती सिमेंटच्या बाकावर बसून पेरू खात होती, तळपायांची सालं गेलेली, साडीचा काठ चिखलाने कडक झालेला, आणि माधवीला बघून म्हणाली, "अगं तू कशाला आलीस, परीक्षा नाही का तुझी?" दुसऱ्या दिवशी इंदूर. डॉक्टर म्हातारे होते, शांत होते, त्यांनी एका पांढऱ्या गोळीचं नाव लिहून दिलं. नाना चिठ्ठी घेऊन खालच्या दुकानात गेले. आई भिंतीवरच्या कॅलेंडरशी बोलत होती. डॉक्टरांनी माधवीला विचारलं, "क्या पढ़ती हो?" "केमिस्ट्री." "अच्छा, तब तो तुम समझोगी. ये नमक का भाई है. गुर्दे को फ़र्क समझ में नहीं आता. नमक-पानी जैसा चल रहा है वैसा ही चलने देना. ना कम, ना ज़्यादा." तिने मान हलवली होती. तिला तेव्हा किती बरं वाटलं होतं, तेही आठवलं: एका मोठ्या माणसाने आपल्याला समजेल असं धरून काहीतरी सांगितलं. नाना गोळ्या घेऊन वर आले तेव्हा डॉक्टर दुसऱ्या पेशंटकडे वळले होते. जिन्यावर नानांनी विचारलं, "काही सांगितलं का अजून?" आणि ती म्हणाली होती, "काही नाही, वेळच्या वेळी द्यायच्या." तिला ते लपवायचं नव्हतं. जिन्यावर आईला धरून उतरवायचं होतं, खाली रिक्षा थांबली होती.

तीन महिन्यांत आई परत आली. जशीच्या तशी, थोडी जाडी होऊन, थोडी सावकाश होऊन, पण आई. आणि ज्या वर्गात माधवी 'अणुसंरचना' शिकत होती त्या वर्गात लिथियम या शब्दावर तिचे कान गरम व्हायचे. पुढे शिकवायला लागल्यावर ती मुलांना सांगायची की अणू वेगळे करणाऱ्या त्या यंत्रात अखंड अणूला तोलता येत नाही. आधी त्याची वाफ करायची, मग त्याच्याकडून एक इलेक्ट्रॉन हिसकावून घ्यायचा, तरच चुंबकाला तो सापडतो. ज्याचं काही गेलेलं नाही त्याची यंत्राला खबरच लागत नाही. आईचंही तसंच झालं. बरी झाली आणि दिसेनाशी झाली. रक्ताची तपासणी आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा, मग वर्षातून एकदा, मग म्हातारे डॉक्टर वारले आणि तीच चिठ्ठी धारच्या दुकानात चालत राहिली. दर रविवारी नाना सात खणांच्या प्लास्टिकच्या डबीत आठवड्याच्या गोळ्या भरायचे. आई लोणची घालायची, भिशीला जायची, हाटपिपल्याच्या नृसिंहाला वर्षातून एकदा नारळ वाहायची, आणि कुणीही तिच्याकडे निरखून बघायचं नाही. गणपतीत माधवी धारला गेली होती तेव्हा आईला मोदकाच्या कळ्या चिमटीत धरता येत नव्हत्या. बोटं थरथरत होती. "आई, हे मोदक नाहीत, ही गाठोडी झाली," ती म्हणाली होती, आणि आईने जड जिभेने, शब्द ओढत, "गणपतीला पोटाशी मतलब" असं काहीतरी म्हटलं होतं, आणि ते जड बोलणं माधवीला उपासाचा थकवा वाटलं होतं. नंतर जुलाब. नानांनी मीठ-साखरेचं पाणी केलं तर आईने ग्लास परत दिला, व्रत मोडेल म्हणून. मग नानांनी नुसतं साखरेचं, लिंबू पिळून. हे नानांनी दवाखान्याच्या बाकावर सांगितलं होतं, तेही कौतुकाने: एवढ्यातही तिला नेम आठवत होता बघ.

त्या संध्याकाळी देवासच्या घरी तिने अजेयला सांगितलं. अजेय, तिचा नवरा, एका कारखान्यात देखभाल विभागात होता, आणि कोणतीही गोष्ट बिघडली की आधी ती किती वर्षांची आहे ते विचारायचा. तो भाजी चिरत होता, ती उभी होती. त्याने सगळं ऐकलं, सुरी खाली ठेवली. "माधवी, तू डॉक्टर आहेस का?" "नाही." "मग? अडुसष्ट वर्षांची किडनी. एकोणीस वर्षं ती गोळी. कधी ना कधी होणारच होतं. नुसत्या मिठानं माणूस जात नाही यार." "नुसत्या नाही. त्या गोळीबरोबर." "बरं, समज तसं झालं. मग काय करशील?" "नानांना सांगेन." अजेयने सुरी पुन्हा उचलली. मग म्हणाला, "त्यांचं बरं व्हावं म्हणून सांगणार, की तुला मोकळं वाटावं म्हणून? आधी ते ठरव." नानांचं काय चाललंय ते दोघांनाही माहीत होतं. आठ दिवसांपूर्वी शेजारच्या रघुजींचा फोन आला होता. "बिटिया, पंतजी ने बीपी की गोली-वोली सब बंद कर दी है. के रिये हैं, मेरे हाथ का भरोसा नी रिया. मैंने बोला मैं दे दूँगा, तो बोले, तुम भी गिनती में चूक जाओगे." दवाखान्यात डॉक्टरांनी सहज विचारलं होतं, गोली ज़्यादा तो नहीं दे दी? नाना धारला परतल्यावर मोजायला बसले आणि पट्टीत एक गोळी कमी निघाली. एक. माधवीने तेव्हाच सांगितलं होतं, एका गोळीने हे होत नाही नाना. त्यावर ते म्हणाले होते, "एक सापडली. न सापडलेल्या किती?" ते तराजूवरच्या माणसाचं बोलणं होतं, एक वजन चुकलं की त्या दिवशीची सगळी वजनं रद्द. तेव्हापासून अडीच महिने ते रद्द करत आले होते. आधी डोळ्यातले थेंब बंद, मग वर्तमानपत्र, मग मधल्या आळीतल्या देवळातलं संध्याकाळचं जाणं, मग स्वतःची गोळी. त्यांचा रक्तदाब मागच्या आठवड्यात एकशे नव्वद निघाला होता.

शनिवारची अर्धी शाळा करून निघावं असं तिच्या मनात होतं, पण शनिवारी ती गेली नाही. घरी बसून तिने पेपर काढले, प्रश्न क्रमांक चार: लिथियमची दुसरी आयनीभवन ऊर्जा पहिलीपेक्षा इतकी जास्त का? पहिला इलेक्ट्रॉन काढायला पाचशेवीस लागतात, दुसरा काढायला सात हजार दोनशे अठ्ठ्याण्णव, चौदा पट. हा आकडा फळ्यावर आला की मुलं शिट्टी मारतात. बाहेरचा एकटा असतो तो सहज सुटतो, तो गेल्यावर जे आत उरतात ते केंद्रकाच्या इतके जवळ असतात की त्यांना हलवता येत नाही, असं उत्तर अपेक्षित होतं. तिने ते स्वतःच लिहून ठेवलं, आदर्श उत्तर म्हणून, तीन गुण, आणि मग वाटलं की नानांच्या घरात असंच झालंय, आई सुटली आणि मागे जे उरलं ते आतल्या आत इतकं आवळलं गेलं की बाहेरून काही काढून घेता येणार नाही. मग स्वतःचाच राग आला. आईला फोनवर नापास करणारी हीच बुद्धी. दरेक गोष्टीला उत्तर, दरेक उत्तराला गुण. तिला बरोबर उत्तर माहीत होतं हाच सगळा घोटाळा. जिला केमिस्ट्री येत नाही अशी कोणतीही लेक म्हणाली असती, घे ना सैंधव, काय होतंय. रघुजींच्या बायकोने तेच म्हटलं होतं. धार-देवासच्या शंभर घरांतल्या बायका चार महिने मीठ सोडतात आणि सैंधवावर निभावतात, आणि कार्तिकात उद्यापन करून टाकतात. नऊ आठवडे आई माझ्या उत्तरावर जगली, असं एक वाक्य तिच्या डोक्यात आलं. तिने उठून तोंड धुतलं.

रविवारी सकाळी ती निघाली. इंदूरला बस बदलली. घाटाबिल्लोदच्या अलीकडे पीथमपूरच्या कारखान्यांच्या पाळीच्या बसेस ओळीने उलट बाजूला जात होत्या, आतली माणसं काचेला डोकं टेकवून झोपलेली. गव्हाच्या पेरणीला शेतं तयार होती, काळी, भिजवलेली. तिने काय बोलायचं ते तीनदा जुळवलं. पहिल्यांदा त्यात डॉक्टरांचं सांगणं नव्हतं. फक्त फोन होता. दुसऱ्यांदा तिने ते घातलं. तिसऱ्यांदा पुन्हा काढलं, कारण फोन ही चूक होती, पण जिना ही चूक नव्हती, जिना म्हणजे काय ते तिला सांगताच येत नव्हतं. नानांना गोळी घ्यायला लावायची तर फोन पुरे होता. मग धार आलं.

किल्ल्यामागच्या कॉलनीत नानांचं दोन खोल्यांचं घर होतं. ओट्यावर उन्हात रघुजी बटल्याच्या, म्हणजे मटारच्या, शेंगा सोलत बसले होते; दोन्ही घरांचा ओटा एकच होता. "आ गई बिटिया," ते म्हणाले, "अंदर जा, खिचड़ी पक रही है, जैसी भी पक रही है." नाना आत गॅसपुढे उभे होते. ते इतके बारीक झाले होते की सदऱ्याच्या कॉलरमधून मान वेगळी निघाल्यासारखी दिसत होती. "ये," ते म्हणाले. "हातपाय धू. जेवून घेऊ." स्वयंपाकघरातल्या खिडकीच्या फळीवर गोळ्यांच्या रिकाम्या पट्ट्या तारखेवार लावलेल्या होत्या, प्रत्येकीवर पेन्सिलीने आकडा. तिने त्यांच्याकडे बघितलं तसं नानाही बघायला लागले. "पुन्हा मोजल्या परवा," ते म्हणाले. "एक कमीच येते."

"नाना, मला काही सांगायचंय."

"जेवून सांग."

"आधी सांगते."

ते स्टुलावर बसले. ती उभीच राहिली, स्वयंपाकाच्या ओट्याला पाठ टेकवून, वर्गात उभी राहते तशी, आणि बसमध्ये जुळवलेलं तिला एकही वाक्य आठवलं नाही, म्हणून तिने सरळ शिकवल्यासारखं सांगितलं: लिथियम आणि सोडियम एका स्तंभातले. मूत्रपिंडाला दोघांत फरक करता येत नाही. मीठ बंद झालं की मूत्रपिंड सोडियम सोडत नाही, आणि त्याबरोबर लिथियमही सोडत नाही. रोज तीच गोळी, तेवढीच, पण बाहेर कमी पडते आणि आत साठत जाते. नाना पुढे वाकून, हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते, आणि तिला दिसलं की त्यांचे डोळे कितीतरी दिवसांनी एका जागी स्थिर झालेत.

"मीठ कधीपासून बंद?"

"एकादशीपासून. तुम्हाला माहीतच आहे."

"मला माहीत आहे. तू सांग."

"आषाढी एकादशीपासून. नऊ आठवडे."

"सैंधव?"

"तेही बंद. तिने मला विचारलं होतं, फोनवर. सैंधव चालेल का म्हणून. मी म्हटलं तेही मीठच, ते नको." मग तिला कळायच्या आत ती पुढचंही बोलून गेली. "आणि इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. सुरुवातीलाच. मीठ कमी-जास्त करायचं नाही म्हणून. तुम्ही खाली औषध आणायला गेला होता."

"म्हणजे मला कुणी सांगितलं नव्हतं."

"नाही."

"तू होतीस."

"मी होते."

कुकरची शिटी हलली, थोडी वाफ सुटली. नाना उठले, फळीपाशी गेले, शेवटची पट्टी उचलून उजेडात धरली. "म्हणजे गोळ्या बरोबर होत्या," ते म्हणाले.

"बरोबर होत्या नाना."

"आणि ही एक?"

"एकीने काही होत नाही. पडली असेल कुठेतरी."

"एकीने काही होत नाही," नाना म्हणाले. त्यांनी पट्ट्या गोळा केल्या, सगळ्या, कडा जुळवून रबर लावलं आणि खणात टाकल्या. मग देव्हाऱ्यामागून स्वतःच्या गोळ्यांची पट्टी काढली, एक गोळी तळहातावर घेतली, डोळ्यांजवळ नेऊन बघितली, आणि माठातलं पाणी घेऊन गिळली. पाणी पिताना त्यांचा गळा वर-खाली झाला. माधवी उभी होती. तिने रागाची तयारी केली होती, रडण्याची केली होती, ते काही न बोलता बसून राहतील याचीही केली होती. आणि या सगळ्याखाली कुठेतरी, हे तिला आत्ता कळलं, ते म्हणतील की तुला तरी काय माहीत होतं बाळ, याचीही वाट पाहिली होती. त्या वाक्यासाठीच ती देवासहून आली होती. नानांनी पेला विसळून पालथा घातला. तिच्या अंगावरून, तिला धक्का लागू नये म्हणून थोडं अंग चोरून, ते बाहेर ओट्यावर गेले.

"रघुजी भिया, गोली बराबर थी."

"कौन-सी गोली?"

"उसकी. मेरी गिनती में फरक नी था. बिल्कुल बराबर थी."

"मैं तो पैले दिन से के रिया था आपको." शेंगा सोलल्याचा आवाज येत होता. "फिर हुआ क्या था?"

"नमक बंद हो गया था ना उसका. सैंधा तक. माधवी ने बंद करवाया था."

शेंगांचा आवाज थांबला. "बिटिया ने?"

"हाँ. वो केमिस्ट्री पढ़ाती है ना."

आवाज शांत होता. प्रयोगशाळेत मुलं वह्या उघडून बसलेली असताना नाना तराजूवरचा आकडा असाच वाचून दाखवायचे, एकेक अंक सुटा करून, कुणाचा राहू नये म्हणून. माधवीला वाटलं, जाऊन सांगावं, मी बंद करायला लावलं नव्हतं, तिने विचारलं आणि मी म्हटलं. या दोन्हींत फरक होता. किती होता ते तिला सांगता आलं नसतं, आणि बाहेर तो कुणी तोलून घेतला नसता. खिचडी खाली लागल्याचा वास यायला लागला. "माधवी," नानांनी बाहेरून हाक मारली, अगदी पूर्वीसारखी, शेवटचं अक्षर उंच करून, "वाढायला घे गं. भूक लागलीय."

तिने गॅस बंद केला. ताटं काढली. एकात त्यांचं वाढलं, वरून तूप घातलं. दुसरं ताट हातात धरून ती तशीच उभी राहिली. बाहेर रघुजी हलक्या आवाजात काहीतरी विचारत होते, आणि नाना त्यांना सगळं पहिल्यापासून सांगत होते.